चव्वेचाळीस विहिरींचा कडा, वीतभर वाट

एक ब्रास वाळू डोळ्यांपुढे आणा. बांधकाम चालू असलेल्या कुठल्याही इमारतीसमोर पडलेला ढीग, ज्यावर गल्लीतलं कुत्रं भर दुपारी खुशाल ताणून देतं, तोच. शंभर घनफूट. आता यातले कण मोजायचे. घाबरू नका, मोजायचे कागदावरच आहेत. एक कण ०.२ मिलिमीटरचा धरू, मधल्या फटी सोडून देऊ. एका घनमीटरात साडेबारा हजार कोटी कण बसतात, एका ब्रासमध्ये पस्तीस हजार कोटी! प्रत्येक कणाला एक रुपया लावला तर दोन ब्रास वाळूत सत्तर हजार कोटी रुपये झाले. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. म्हणजे देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका वर्षभर चालते जवळजवळ तेवढे रुपये, कणांच्या हिशेबात, एका ट्रकच्या हौद्यात मावले.

हे फक्त दोन ब्रासचं झालं. आता अमेरिकेच्या युटा आणि ॲरिझोना राज्यांत चला.

तिथे नावाहो नावाचा एक वाळूखडक आहे. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी तिथे वाळवंट होतं, वाऱ्याने वाळूच्या टेकड्यांवर टेकड्या रचल्या, मग त्या दाबल्या जाऊन त्यांचा दगड झाला. कसा झाला ते भूशास्त्रज्ञांवर सोपवू, आपण आकडे बघू. हे वाळवंट साडेतीन लाख चौरस किलोमीटर तरी होतं, असा अंदाज आहे. त्यावर अख्खा महाराष्ट्र पसरा, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत. शेजारी गोवा ठेवा. अजून जागा उरली ना? त्यात केरळ ठेवा. बसलं! जेमतेम, पण बसलं.

आणि ही वाळू आली कुठून? शास्त्रज्ञांनी तिच्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांचं वय काढलं, तर त्यातले पुष्कळ कण अमेरिकेच्या पार पूर्वेकडच्या ॲपलेशियन डोंगरांतले निघाले. तिथून सुमारे ३,००० किलोमीटर नद्यांनी वाहून आणलेले. आपला भारत उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर आहे. काश्मीरच्या डोंगराचा चुरा होऊन तो कन्याकुमारीला नेऊन टाकायचा, आणि मग तिथल्या वाऱ्याने त्याचे डोंगर करायचे, असला हा उद्योग.

जाडी तर विचारूच नका. झायन राष्ट्रीय उद्यानात हा थर जास्तीत जास्त ६७० मीटर भरतो, म्हणजे २,२०० फूट. गावाकडची पन्नास फुटी विहीर घ्या. अशा चव्वेचाळीस विहिरी एकाखाली एक खणल्या की नावाहोचा तळ लागतो. नाहीतर चोवीस डब्यांची एक्सप्रेस घ्या, इंजिनासकट शेपटीवर उभी करा. सहाशे मीटर. इंजिनाच्या डोक्यावर आणखी तीन डबे चढवा, तेव्हा कुठे वरचं टोक कड्याच्या माथ्याला टेकेल.

यातला एकच चौरस किलोमीटर तुकडा कापून घेऊ, जाडी सहाशे मीटर. साठ कोटी घनमीटर, म्हणजे एकवीस कोटी ब्रास. तीन ब्रासचा ट्रक धरला तर सात कोटी ट्रक. आठ मीटरचा ट्रक, नाकाला शेपूट लावून रांग केली तर लांबी साडेपाच लाख किलोमीटरच्या वर. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर आहे. रांग चंद्राला पोहोचून अर्ध्या वाटेपर्यंत माघारी आली! एका चौरस किलोमीटरची ही गत.

आणि या एवढ्या दगडातून काही माणसं वाट काढत बसतात. दोर लावून सुळके सर करणारे वेगळे. ही मंडळी हातापायांनी, पाठीने, कोपरांनी, प्रसंगी बसत-घसरत, पाण्याने या दगडात कापलेल्या घळींमधून पलीकडे जायची वाट शोधतात. आपल्याकडे नकाशात नसलेली एखादी नाळ शोधायला रविवारी सह्याद्रीत जाणारे असतात ना, त्याच जातीची. फक्त इथला कातळ वाळूचा आहे आणि पाण्याची टाकी मैलोगणती नाही.

घळी किती आणि किती वेड्यावाकड्या, याचं माप खुद्द पाण्याने काढून ठेवलंय. कोलोराडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण बांधलं, १९६३ पासून पाणी अडलं आणि लेक पॉवेल तयार झालं. पाणी जसजसं चढलं तसतसं प्रत्येक घळीत, घळीच्या फाट्यात, फाट्याच्या बोळात शिरलं. भरलेलं असताना या जलाशयाची लांबी सुमारे ३०० किलोमीटर. म्हणजे रस्त्याने मुंबईहून पुण्याला जाऊन परत यायचं, एवढंच. आणि काठ? ३,१५० किलोमीटर! सरळ जाल तर पुण्याची एक जा-ये, काठाकाठाने चालाल तर अशा साडेदहा जा-ये. महाराष्ट्राचा समुद्रकिनारा आपण शाळेत ७२० किलोमीटर पाठ केला. तो चार वेळा अंथरला तरी हा काठ संपत नाही. मुख्य उपघळी ९६. आणि हे फक्त पाणी चढलं त्या उंचीवरचं माप. काठापासून वर, जिथे पाणी पोहोचलं नाही, तिथल्या सुरकुत्या मोजायच्याच आहेत.

गंमत म्हणजे हा काठ आता खाली सरकतोय. जलाशय पूर्ण भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट असते. २०२३ च्या सुरुवातीला ती ३,५२० फुटांपर्यंत उतरली. १८० फूट, म्हणजे अठरा मजले. साठ वर्षांपूर्वी बुडालेल्या घळींची तोंडं पुन्हा उघडी पडली, आणि वाटा शोधणाऱ्यांना नवा उद्योग मिळाला.

तुम्ही म्हणाल, शोधायचं काय त्यात? नकाशा बघा आणि जा. बरं, बघू नकाशा. अमेरिकी भूशास्त्र खात्याचा तपशीलवार नकाशा २४ हजारास एक या प्रमाणाचा असतो. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २४० मीटर. एक मीटर रुंदीची घळ या नकाशावर किती रुंद दिसेल? ०.०४ मिलिमीटर. डोक्याचा केस याहून जाड असतो! नकाशा काढणाऱ्याने ती दाखवायची म्हटली तरी तेवढी बारीक पेन्सिल कुठून आणणार? उंचीचं तर आणखी विचित्र. या भागातल्या कित्येक नकाशांत समोच्च रेषा चाळीस-चाळीस फुटांवर आहेत. दोन रेषांच्या मध्ये पस्तीस फुटांचा ताशीव कडा सुखाने लपू शकतो. कागदावर गुळगुळीत उतार, प्रत्यक्षात पायांखाली तिसऱ्या मजल्याची गच्ची. वाट आहे की नाही, याचा निकाल नेमका त्या पस्तीस फुटांत लागतो आणि नेमके तेच नकाशात नाहीत. तेव्हा जाऊन बघणं आलं. बहुतेक वेळा जाऊन, बघून, परत येणं आलं.

युटाच्या दक्षिणेला बकस्किन गल्च नावाची घळ आहे. जगातल्या सगळ्यात लांब अरुंद घळींत तिची गणती होते. वीस किलोमीटरहून लांब. सीएसएमटीहून लोकल पकडा, भायखळा, दादर, कुर्ला मागे टाका, घाटकोपर येईपर्यंत खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना हात पोहोचेल एवढ्या अंतरावर सलग दगडी भिंत आहे, असं समजा. लोकलचा डबा साधारण साडेतीन मीटर रुंद असतो. बकस्किनमध्ये तो कित्येक ठिकाणी आत शिरणारच नाही. भिंती कुठे कुठे शंभर मीटरच्याही वर जातात, म्हणजे तीस मजली टॉवर डावीकडे, तीस मजली टॉवर उजवीकडे, आणि मध्ये चाळीतला बोळ. वर बघितलं तर आभाळाची नुसती फीत. आणि त्या फितीच्या आड, डोक्यावर कितीतरी उंच, दोन्ही भिंतींत आडवा अडकलेला झाडाचा ओंडका!

ओंडका तिथे चढला कसा? चला, हिशेब मांडू. हा माझा, मनचा आहे, पण आकडे अवास्तव नाहीत. घळीला पाणी पुरवणारा परिसर धरा ५० चौरस किलोमीटर, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या निम्मा. पाऊस धरा एक इंच, ज्याला मुंबईकर जुलैत रिपरिप म्हणतो. उघड्या कातळावर पाणी जिरत नाही, सगळं घळीकडे धावतं. झाले १२५ कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सव्वा लाख टँकर. दोन तासांत हे उतरायचं असेल तर सेकंदाला सतरा टँकर. एक म्हणायच्या आत सतरा, दोन म्हणायच्या आत चौतीस! घळीची रुंदी दोन मीटर, पाण्याचा वेग सेकंदाला पाच मीटर धरला तर पाणी सतरा मीटर चढतं. पाचव्या-सहाव्या मजल्यापर्यंत. निम्मं वाटेत जिरलं असं मोठ्या मनाने धरलं, तरी तिसरा मजला गेलाच. ओंडक्याचं कोडं सुटलं.

अमेरिकेतल्या मुलामुलींकडे गेलेले आईबाबा व्हॉट्सॲपवर नारिंगी-जांभळ्या लाटांसारख्या भिंतींचे फोटो पाठवतात ना, त्यांतले बरेच ॲरिझोनातल्या अँटेलोप कॅन्यनचे असतात. तोही हाच नावाहो वाळूखडक. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिथे घळीच्या तोंडाशी पाऊस जवळजवळ नव्हता. ढग बरसले होते ते काही मैल वर. पाणी आलं आणि अकरा पर्यटक गेले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनमधल्या कीहोल नावाच्या लहानशा घळीत सात जण असेच सापडले. म्हणून या प्रांतातले जाणते लोक डोक्यावरच्या आभाळाइतकीच चौकशी पन्नास किलोमीटर पलीकडच्या आभाळाची करतात.

वाटेतली एक अडचण जवळून बघू. घळीत पुढे एक दगड अडकलेला आहे, फ्रिजएवढा. दोन भिंतींच्या मधोमध, जमिनीपासून आठ फुटांवर, पाचर मारल्यासारखा. त्याच्या वरून जायचं. पाठ एका भिंतीला, तळवे समोरच्या भिंतीला, आणि शरीर मध्ये तणावावर. सह्याद्रीतले ट्रेकर याला चिमणी चढणं म्हणतात. एक पाय वीतभर वर, मग दुसरा, मग पाठ सरकवायची. बुटाखाली वाळूचे सुटे कण चुरचुरतात. प्रत्येक कण म्हणजे एक बारीकशी गोळी, बुटाला चाक लावणारी. पाऊस पडून गेला असेल तर आणखी पंचाईत, कारण ओला वाळूखडक ठिसूळ होतो आणि काल ज्या खोबणीने अख्खं वजन पेललं ती आज बोटात निघून येते. कातळाची जाडी २,२०० फूट, आणि तुमचं नशीब त्यातल्या बिस्किटाएवढ्या कंगोऱ्यावर!

एक नियम इथे सगळे पाळतात: जे पुन्हा चढून येता येणार नाही, ते उतरायचं नाही. खाली उडी सोपी. पण पुढे दुसरा कडा निघाला आणि मागे चढता आलं नाही, तर तुम्ही चव्वेचाळीस विहिरींच्या तळाशी. २६ एप्रिल २००३ रोजी ॲरन राल्स्टन नावाचा तरुण युटातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकटाच उतरत होता. अडकलेला दगड सुटला आणि त्याचा उजवा हात भिंतीशी चिरडला गेला. दगड सुमारे ३६० किलोचा, म्हणजे तांदळाची पन्नास किलोची सात पोती. कुठे जातोय हे त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. १२७ तासांनी तो सुटला, स्वतःचा हात स्वतः कापून. आता वजनाचं प्रमाण बघा. चंद्रापर्यंत ट्रकांची रांग लागेल एवढा दगड त्या प्रांतात, आणि माणूस अडला तो सात पोत्यांनी.

वाट न सापडण्याचा विक्रम जुना आहे. १७७६ साली डोमिंगेझ आणि एस्कलांटे हे दोन स्पॅनिश पाद्री सांता फेहून कॅलिफोर्नियाची वाट शोधायला निघाले. ती काही सापडली नाही. परतताना ऑक्टोबरअखेर ते कोलोराडोच्या काठाशी आले, आणि पार करायला जागाच मिळेना. नदी समोर दिसतेय, तिच्यापर्यंत उतरता येत नाही! अन्न संपलं, घोडे मारून खाल्ले. शेवटी ७ नोव्हेंबरला एका उपघळीत कुऱ्हाडींनी कातळात पायऱ्या खोदून त्यांनी जनावरं खाली उतरवली आणि नदी ओलांडली. पायऱ्या खोदण्याजोगी जागा सापडून पार होईपर्यंत सुमारे दोन आठवडे गेले. ती जागा पुढे लेक पॉवेलने गिळली.

त्याच्या शंभर वर्षांनंतरचा किस्सा तर बैठक मारून सांगण्यासारखा आहे. १८७९ च्या हिवाळ्यात मॉर्मन पंथाची सुमारे २५० माणसं, ८३ गाड्या आणि हजारावर गुरं घेऊन युटाच्या आग्नेयेला वस्ती करायला निघाली. बायका-मुलं सोबत. अंतर तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. अंदाज होता सहा आठवड्यांचा. लागले सहा महिने! आपली डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून निघते आणि रात्री परत पुण्याला येते, जाऊन-येऊन ३८४ किलोमीटर. पासवाला एका दिवसात त्याहून जास्त कापतो, वर मधल्या वेळात ऑफिस करतो.

अडलं कुठे? कोलोराडोच्या कड्यावर. नदी तीनशे मीटर खाली, आणि कड्यात होती एकच फट, माणूस जेमतेम आत शिरेल एवढी. बाकी मैलोन् मैल ताशीव भिंत. त्यांनी काय केलं? सुरुंग लावून फट रुंद केली. हिवाळाभर. वरचा उतार इतका तीव्र, की काही ठिकाणी पंचेचाळीस अंशांचा. एके ठिकाणी तर रस्त्याला जागाच नव्हती, तेव्हा वेल्समधून आलेल्या बेंजामिन पर्किन्सने कातळात भोकं पाडून त्यांत लाकडी खुंट ठोकवले, त्यावर ओंडके आणि झाडोरा टाकून गाडीच्या चाकापुरती फळी भिंतीला चिकटवली. २६ जानेवारी १८८० रोजी गाड्या सोडायला सुरुवात झाली. मागची चाकं बांधलेली, मागून माणसं दोर धरून ओढतायत, पुढे घोडे घसरतायत. एकही माणूस दगावला नाही. उलट प्रवासात बाळं जन्मली!

आणि नदीपलीकडची वाट कुणी दाखवली? पाहणीला पुढे गेलेल्या चौघांपैकी जॉर्ज हॉब्जला एका गुळगुळीत कातळावरून उतरण सापडत नव्हती. तो रानमेंढ्यांच्या मागे गेला, आणि त्या जिथून उतरल्या तिथूनच पुढे गाड्या उतरल्या, असं सांगतात. आपल्या बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. गुरं चारणाऱ्या त्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली, असं आपल्याकडेही सांगतात. इंजिनिअर कुठलाही असो, वाट बहुधा चार पायांवाल्यांना किंवा त्यांच्या गुराख्याला आधी ठाऊक असते.

आता सगळ्यात मोठी घळ. ग्रँड कॅन्यन. लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २९ किलोमीटर, खोली जास्तीत जास्त १,८५७ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. समुद्रसपाटीपासून उचलून अख्खं आत ठेवलं तरी देवीच्या देवळावर दोनशे मीटर दरी शिल्लक! पोकळी ४.१७ लाख कोटी घनमीटर. कोयना धरण १०५ टीएमसीचं. तुडुंब भरलेली चौदाशे कोयना धरणं ओतली की ग्रँड कॅन्यन काठोकाठ. इथे सगळाच वाळूखडक नाही. मधली रेडवॉल नावाची भिंत चुनखडीची आहे. पण वरच्या अंगाला कोकोनिनो वाळूखडकाचा फिकट कडा मैलोगणती आडवा येतो आणि उतरणाऱ्याला तिथेच पहिला नकार मिळतो.

या दरीत नदीपर्यंत जाणाऱ्या, उद्यानाने नीट राखलेल्या मुख्य वाटा तीन. ब्राइट एंजल, साउथ कायबाब आणि नॉर्थ कायबाब. ४४६ किलोमीटरला तीन!

तिथे १९४५ साली हार्वी बुचार्ट नावाचे गणिताचे प्राध्यापक आले, फ्लॅगस्टाफच्या कॉलेजात शिकवायला. जन्म १९०७ चा, चीनमधला. सुट्टी मिळाली की दरीत उतरायचे, आणि गणितीच ते, प्रत्येक फेरीची टिपणं ठेवायचे. टाइप केलेली हजारावर पानं झाली. कॉलिन फ्लेचर नावाच्या भटक्याने १९६३ मध्ये उद्यानाची लांबी आडवी चालून काढली, ती आधी बुचार्टना विचारून. १९८७ पर्यंत बुचार्ट दरीत उतरत राहिले, म्हणजे तेव्हा ऐंशीला आलेले. दरीतली ८३ शिखरं चढले. हजाराच्या आसपास दिवस चालले. आणि चालले किती? १२,००० मैलांवर. १९,३०० किलोमीटर! पृथ्वीचा अर्धा घेर, तोही एकाच दरीत, वर-खाली, काट्याकुट्यांतून, पाठीवर पाण्याचं ओझं घेऊन.

मिळालं काय? काठावरून नदीपर्यंत उतरणाऱ्या शंभरावर वाटा. यांतल्या कित्येक तिथल्या मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी वापरलेल्या होत्या. पुढच्यांच्या कागदावर मात्र त्या नव्हत्या.

आता शेवटचा हिशेब, आणि तो नीट बघा. दरीचे काठ दोन, म्हणजे कमीत कमी ८९० किलोमीटर कडा. वळणं-वाकणं धरलेलीच नाहीत, लेक पॉवेलच्या काठासारखी धरली तर आकडा कुठल्या कुठे जाईल. वाटा शंभर धरू. अडचणीच्या जागी प्रत्येक वाट दोन मीटर रुंद धरू, हे तर फारच उदार झालं. शंभर वाटांची मिळून रुंदी दोनशे मीटर. ८९० किलोमीटरला दोनशे मीटर, म्हणजे साडेचार हजार भाग भिंत आणि एक भाग दार. मुंबईपासून पुण्यापर्यंत सलग भिंत बांधा, दीडशे किलोमीटर. त्यात सगळी दारं मिळून जागा किती सोडायची? चौतीस मीटर. रेल्वेचा दीड डबासुद्धा भरत नाही! आणि ते चौतीस मीटरही एका ठिकाणी नाहीत. पनवेलला एक फट, खोपोलीला एक, तळेगावला एक, आणि भिंतीवर पाटी नाही.

एवढं चालून शंभर दारं. १९,३०० भागिले शंभर. एका दारामागे १९३ किलोमीटर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुणे स्टेशन रेल्वेने १९२ किलोमीटर आहे. मुंबईहून पुण्याला पायी गेलं की एक वाट सापडणार. पुण्याहून मुंबईला पायी आलं की दुसरी. असं शंभर वेळा, आणि वर एक-एक किलोमीटर जास्तीचा.